गुप्त कोणी राहायचे?

संकटातल्या मुलांसाठी निधी जमवण्याचा कार्यक्रम कुठेही असो, त्यातला एक क्षण बहुधा सारखाच असतो. व्यासपीठावर आठ-दहा मान्यवर ओळीने उभे राहतात. मधोमध नऊ-दहा वर्षांचे एक मूल उभे केले जाते. एकाच दप्तराला सगळ्यांचे हात लागतात, छायाचित्रकार ‘इकडे बघा’ म्हणतो आणि सगळे तिकडे बघतात. तोवर निवेदकाने मुलाचे नाव, गाव, वडील कशाने गेले, आई कुठे मजुरीला जाते हे माइकवरून सांगून टाकलेले असते. संध्याकाळपर्यंत ते छायाचित्र गावाच्या व्हॉट्सॲप गटांवर पोचते. फैजपूर, सावदा, यावल, रावेर हा केळीचा पट्टा देताना हात आखडणारा नाही. हरिनाम सप्ताह असो, भंडारा असो की कुणाच्या दवाखान्याचा खर्च, इथे वर्गणी उभी राहते, आणि देणाऱ्यांच्या मनात कळवळा असतो याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच हा प्रश्न कुणाच्या हेतूचा नाही, धर्माचा आहे. ज्या देण्यात घेणाऱ्या मुलाला आपले दुःख चारचौघांत मांडावे लागते, त्या देण्याला दान म्हणायचे का? आपल्याकडे यावर एक तयार उत्तर आहे: दान गुप्त असावे. माझे म्हणणे असे की हे उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे. त्यात दात्याचे नाव झाकले जाते. मुलांच्या बाबतीत झाकायचे असते ते मुलाचे नाव, आणि दात्यांचा व्यवहार, त्यांचा पैसा, त्यांचा वेळ, त्यांचा शब्द हे सगळे उघड्यावर यायला हवे.

दानाचा विचार आपल्या धर्मग्रंथांनी फार बारकाईने केला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देश, काळ आणि पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक. काही परत मिळावे म्हणून किंवा जिवावर येऊन दिलेले ते राजस. अवहेलना करून दिलेले ते तामस. तैत्तिरीय उपनिषदातला गुरू शिकून घरी निघालेल्या शिष्याला सांगतो की श्रद्धेने दे, ऐपतीप्रमाणे दे, आणि देताना मनात संकोच व भय असू दे. ख्रिस्ताने उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू देऊ नका असे बजावले. कुराणानेही उघड दानाला चांगले म्हटले, पण गरिबाला गुपचूप दिलेले त्याहून चांगले मानले. एवढी एकवाक्यता असल्यावर वाद कशाला, असे वाटेल. पण या बहुतेक शिकवणुकीचा रोख देणाऱ्याच्या मनाकडे आहे. त्याला गर्व होऊ नये, त्याचे पुण्य वाया जाऊ नये, ही त्यातली मुख्य चिंता. घेणाऱ्याच्या जागी उभे राहून दानाकडे पाहणारे प्रसंग कमी सापडतात. त्यातला सर्वांत धारदार प्रसंग कठोपनिषदाच्या सुरुवातीला आहे, आणि तिथे पाहणारा एक मुलगा आहे. वाजश्रवस सर्वस्वदानाचा यज्ञ करतो आणि ज्यांचे दूध आटले, ज्यांची विण्याची ताकद संपली अशा गायी देऊन टाकतो. समारंभ यथासांग चाललेला असतो आणि मोठ्यांपैकी कुणाला त्यात काही खटकत नाही. खटकते ते नचिकेताला. तो बापाला विचारतो, मला कुणाला देणार? एकदा नव्हे, तीनदा विचारतो. बाप चिडून त्याला मृत्यूच्या हवाली करतो. पुढचे सगळे ब्रह्मज्ञान या प्रश्नातून निघाले, हे आपण विसरतो. दान खोटे आहे हे मुलाला कळते आणि त्या खोट्या दानात आपणही एक वस्तू होऊ शकतो हेही त्याला कळते, ही उपनिषदाने करून ठेवलेली नोंद आहे. व्यासपीठावर दप्तर घेऊन उभ्या केलेल्या मुलालाही हे कळत असते, असे मानूनच आपण पुढचा विचार करायला हवा.

खानदेशाला याच अर्थाची दुसरी साक्ष अगदी जवळ आहे. तापीच्या काठी मेहूणला मुक्ताबाई अंतर्धान पावल्या असे वारकरी परंपरा मानते. मुक्ताईनगरहून दर वर्षी त्यांची पालखी पंढरपूरला निघते आणि वाटेवरची गावे तिच्यापुढे नमतात. मुक्ताबाईंसह ज्या चार भावंडांना आपण आज देव्हाऱ्यात बसवतो, ती परंपरेने सांगितलेल्या चरित्राप्रमाणे समाजाने आई-बापांविना केलेली मुले होती. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई या त्यांच्या आई-वडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले, आणि तेवढ्यावरही न थांबता मागे उरलेल्या लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे जावे लागले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता यांच्या अंगी काय आहे हे तेव्हाच्या जाणत्यांना दिसले नाही. मुलांना आधार देण्याआधी त्यांनी मुलांकडून दाखला मागितला. आपण शुद्धतेचा दाखला मागत नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. आपण दुःखाचा दाखला मागतो. मूल पुरेसे केविलवाणे आहे का, त्याची कहाणी डोळ्यांत पाणी आणते का, हे पाहून हात सैल करतो. पात्र पाहून द्यावे हे गीतेचे वचन मोठ्या माणसांच्या बाबतीत विवेकाचे आहे, पण लहान मुलाच्या बाबतीत पात्रतेचा प्रश्नच उद्भवत नाही. आठ वर्षांच्या पोराने अपात्र ठरावे असे काही केलेलेच नसते.

मग मुलाचा आपल्यावर कसला अधिकार आहे? इथे मला धुळ्याच्या तुरुंगाची आठवण महत्त्वाची वाटते. १९३२ साली विनोबांनी तिथे रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून ती आपल्या हाती आली. त्याच विनोबांनी १९५१ पासून भूदानासाठी देशभर पायपीट केली, तेव्हा जमीनदारापुढे त्यांनी दयेची भाषा ठेवली नाही. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते म्हणत. वारसाला वाटा दिल्याबद्दल कुणी सत्कार करून घेत नाही, आणि वाटा घेताना वारसाने वाकून राहावे अशीही कुणाची अपेक्षा नसते. ज्या मुलाचे घर मृत्यूने, दुष्काळाने, दारूने किंवा हिंसेने मोडले आहे, ते गावातल्या प्रत्येक घरातले असे एक जास्तीचे मूल आहे. त्याला जे मिळते तो त्याचा वाटा. एवढे मान्य केले की पुढच्या गोष्टी ओघाने येतात. वारसाची हलाखी चव्हाट्यावर मांडायची नसते, आणि मालमत्तेचा हिशेब मात्र त्याला आणि चार साक्षीदारांना दाखवायचा असतो.

महाराष्ट्राने हे पूर्वी करून दाखवले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्याची जाहिरात भिंतींवर लावली होती. संस्था गुप्त नव्हती, तिचा पत्ता सगळ्यांना ठाऊक होता. गुप्त राहायची ती तिथे येऊन बाळंत होणारी विधवा. तिचे नाव बाहेर फुटणार नाही या भरवशावर ते घर उभे होते. तिथेच जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतले आणि तो डॉक्टर झाला. आजचा कायदाही वेगळे सांगत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ७४ वे कलम काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील वृत्तपत्रातून वा अन्य माध्यमातून उघड करायला मनाई करते; त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. देणगीचा चेक देतानाचे छायाचित्र काढणाऱ्या किती जणांना हे कलम ठाऊक असेल, असा प्रश्न पडतो. पण कायद्याच्या धाकापेक्षा फुल्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. कलम नसतानाही त्यांना कळले होते की आसरा देणारे दार दिसायला हवे आणि दारातून आत गेलेले माणूस दिसता कामा नये.

यावर सगळ्यांत सबळ आक्षेप व्यवहारातून येतो: चेहरा दाखवला नाही तर पैसे येणार कसे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना आफ्रिकेतल्या लाखो उपाशी लोकांचे आकडे दिले आणि काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या एका मुलीची माहिती दिली. एका मुलीसाठी लोकांनी आकड्यांपेक्षा सुमारे दुप्पट पैसे दिले. माणसाचे मन असे आहे खरे. पण मनाच्या या सवयीवरच सगळी उभारणी केली तर काय होते तेही पाहायला हवे. चेहऱ्याला मिळणारे दान गोंडस चेहऱ्याला अधिक मिळते, भेदरलेल्या, चिडखोर, दात पुढे आलेल्या मुलाला कमी. शिवाय चेहरा पाहून आलेला उमाळा आठवडाभरात ओसरतो, आणि मुलाला मोठे व्हायला पंधरा वर्षे लागतात. दुसरे असे की चेहरा न दाखवता मोठी कामे उभी राहिली आहेत, तीही गरिबांच्या पैशावर. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यात १९२४ पासून सगळ्या जातींची मुले एकत्र ठेवून वसतिगृह चालवले. त्यासाठी गावोगावच्या बायका दळायला बसताना धान्याची एक मूठ बाजूला काढत, त्याला मुष्टिफंड म्हणत. त्या मुठीमागे कुणा एका अनाथाचे चित्र नव्हते. आपल्या गावातले पोरही उद्या तिथे शिकेल, एवढा विश्वास होता. आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा यांनी केले आणि सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. त्यातून कार्यकर्त्यांना मानधन मिळाले. प्रेक्षकांनी तिकीट काढले ते नाटकाचे. कुणाच्या हलाखीचा खेळ तिथे मांडला गेला नाही. खुद्द फैजपुराने २७ व २८ डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन पेलले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावच्या साहित्यातून केलेली सजावट, धनाजी नाना चौधरींची धडपड, आणि निधी व स्वयंसेवक मिळवण्यासाठी खानदेश पालथा घालणारे साने गुरुजी. त्या अधिवेशनाने शेतकऱ्यांच्या दैन्यावर कार्यक्रम दिला, पण पैसा जमला तो दैन्याच्या प्रदर्शनाने नव्हे. हे आपले काम आहे या अभिमानाने लोकांनी घरातले काढून दिले. ज्या गावाने तेव्हा हे केले, त्याला आज चेहरा दाखवल्याशिवाय पैसा मिळत नाही असे म्हणणे हा त्या गावाचा अपमान आहे.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. मुलाचा चेहरा झाकायचा तर सगळा कार्यक्रमच कशाला, मंडप-माइकचा खर्च वाचवून ज्याने त्याने घरून पैसे पाठवावेत, म्हणजे गुप्तदानही होईल. या म्हणण्यात प्रामाणिकपणा आहे, पण एकत्र येऊन देण्याचे मोल त्यात नजरेआड होते. सप्ताहाच्या काल्याला घरोघरच्या पोळ्या एका ढिगात पडतात. दहा पोळ्या कुणाच्या आणि शंभर कुणाच्या हे पंगतीला बसणाऱ्याला कळत नाही, पण स्वयंपाक किती झाला आणि किती जेवले हे मात्र सगळ्या गावाला माहीत असते. निधीचेही असेच असावे. एकट्याने घरून पाठवलेला पैसा दात्याला गर्वापासून वाचवतो, पण गावाला जबाबदारीत बांधत नाही. कार्यक्रमात माणसे एकमेकांच्या साक्षीने शब्द देतात आणि पुढच्या वर्षी त्याच माणसांपुढे उभे राहायचे आहे, ही जाणीव शब्दाला वजन देते. म्हणून कार्यक्रम जरूर व्हावा, गाणे व्हावे, नाटक व्हावे, भरिताची पंगतही व्हावी, आणि त्याच मंडपात मागच्या वर्षीचा हिशेब मोठ्या अक्षरांत लावलेला असावा. किती जमले, मंडपावर किती गेले, मुलांच्या शिक्षणावर, औषधावर, प्रवासावर किती गेले, शिल्लक किती. सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासून घ्यायला १९५० चा कायदा सांगतोच. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही, ते उघडपणाचेच एक पाऊल आहे. पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेलेला हिशेब गावाने वाचलेला नसतो. पावतीपुस्तकाचा शेवटचा क्रमांक कोणता आणि कोरी पाने किती हे ज्या मंडळाला भर सभेत सांगता येते, त्याच्याकडे पुढच्या वर्षी पैसे मागायला जावे लागत नाही.

पैशाचे हे झाले, वेळेचे त्याहून अवघड आहे. आज वाढदिवस बालगृहात साजरा करण्याची रीत रुळली आहे. केक येतो, फुगे येतात, दोन तास गाणी होतात आणि पाहुणे निघून जातात. एकदा सोडून गेलेल्या माणसांचा अनुभव ज्या मुलाच्या पदरी आधीच आहे, त्याच्यापुढे दर रविवारी नवी माणसे लळा लावून निघून जाणार असतील, तर त्या येण्याने त्याचे काय भले होते? सेवा कशी असते हे अमळनेरने पाहिले आहे. प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धूत, आजाऱ्याच्या उशाशी बसत आणि ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून मुलांपुढे ठेवत. या सेवेचे सामर्थ्य रोजच्या रोज असण्यात होते. आज सकाळी झाडलेली खोली उद्याही झाडली जाणार, हा भरवसा मुलाला मिळाला की त्याचे मन थाऱ्यावर येते. म्हणून स्वयंसेवकाकडून मागायची पहिली गोष्ट म्हणजे मुदत. महिन्यातून एकच तास, पण वर्षभर ठरल्या वारी, ठरल्या वेळी. गणित शिकवा, सायकल दुरुस्त करायला शिकवा किंवा नुसते शेजारी बसून पुस्तक वाचा. ज्याला हे जमणार नाही त्याने मुलांच्या खोलीत जाऊच नये. हिशेब लिहिणे, धान्य निवडणे, गाडी चालवणे ही कामेही तितकीच धर्माची आहेत.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा आहे. बाबा आमट्यांनी आनंदवन उभारताना दान माणसाला दुबळे करते आणि श्रम त्याला उभा करतो असे सूत्र धरले. मग मुलांना दानावर वाढवून आपण त्यांना परावलंबी करत नाही का? आणि हे सगळे सरकारचे काम नाही का? बाबांचे सूत्र, हात असून ज्यांना समाजाने भिकेला लावले होते त्या कुष्ठरुग्णांसाठी होते, आणि तिथे ते शंभर टक्के खरे ठरले. मूल मात्र निसर्गतःच परावलंबी असते. आई-बापांवर विसंबून वाढलेले पोर दुबळे होत नाही, विसंबायला कुणी नसलेले पोर मोडते. सरकारचे म्हणाल तर ते काम सरकारचेच आहे, आणि म्हणूनच स्वयंसेवकाचे पहिले काम मुलाला त्याचा हक्क मिळवून देण्याचे आहे. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली १०९८ ही मुलांसाठीची फोनवरची हाक आता देशभर पोचली आहे, दर जिल्ह्याला बाल कल्याण समिती आहे, आणि कायदा म्हणतो की मुलाला संस्थेत ठेवणे हा सर्वांत शेवटचा उपाय असावा. ज्या घरात आजी किंवा मावशी सांभाळायला तयार आहे, तिथल्या मुलासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. पण त्या अर्जाला मृत्यूचा दाखला लागतो, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, शाळेचे बोनाफाइड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक लागते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरच्या आजीला यावलला चार खेपा घालाव्या लागल्या तर चार दिवसांची मजुरी बुडते आणि पाचव्या खेपेला ती अर्जाचा नाद सोडते. निधीतले पैसे त्या बसभाड्यावर, झेरॉक्सवर आणि बुडालेल्या मजुरीवर खर्च झाले तर छायाचित्र काढण्यासारखे काहीच उरणार नाही, पण मूल आजीच्या घरात राहील. त्याच्यासाठी दाखल्यांच्या रांगेत दुसरे कुणी उभे राहिले, एवढेच त्याला पुरे आहे.

म्हणून मंडळांनी, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी, देवस्थानांनी आणि तरुणांनी निधी जमवताना एक कसोटी लावावी. ज्या मुलीला आज मदत होत आहे, ती वीस वर्षांनी याच गावात दुकान टाकेल, शेती करेल, शिक्षक होईल किंवा सून म्हणून येईल, तेव्हा ‘हिच्यासाठी आपण वर्गणी काढली होती’ असे म्हणणारा कुणी असता कामा नये. तिला उपकाराची जाणीव ठेवण्याची सक्ती नसावी. याच निधीच्या सभेत तिने इतरांसारखे बसावे, हिशेब मागावा, आणि वाटले तर आपलीही वर्गणी द्यावी. आपल्याला दानाचे पुण्य लाभले की नाही याची चौकशी वरच्या दरबारी होईल तेव्हा होवो. इथे, गावात, मुलाचा वाटा मुलाला मान न झुकवता मिळाला की नाही, हे पाहणे आपल्या हाती आहे, आणि धर्माने आपल्यावर सोपवलेले काम तेच आहे.